मीठदाणीची जागा

काच फुटली नाही. सायकलच्या कॅरिअरला मोठा आरसा बांधून, सायकल हातानं ढकलत चाललेला एक माणूस त्यांच्या गाडीच्या डाव्या दिव्यापुढून वीतभर अंतरावरून निघून गेला, त्यानं मागे वळून एक शिवी दिली आणि तो गर्दीत मिसळला. सगळं मिळून तीन-चार सेकंद. पण तेवढ्यात त्या आरशात तिला स्टिअरिंगमागचं नवऱ्याचं तोंड दिसलं होतं, आणि त्या तोंडावर काहीच नव्हतं. घाबरणं नाही, दचकणं नाही. रिकाम्या रस्त्यावर असावं तसं ते निवांत होतं. ती "सायकल" म्हणाली तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर गेला. ती म्हणाली म्हणून गेला. नंतर तो म्हणाला, "दिसला होता मला," आणि त्यानं गिअर टाकला.

याला आज तीन आठवडे झाले. परवाना कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, एका लांबट खोलीत, भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या बारा कॉम्प्युटरांपैकी सातव्यासमोर ती बसली होती. शिकाऊ परवान्याची परीक्षा. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, नऊ बरोबर आले की पास. सत्तावन्नाव्या वर्षी ती पुस्तिका पाठ करून आली होती, तीही नवऱ्याला दिसू नये म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रीजमागे उभी राहून. डावीकडच्या खुर्चीवर घरांना रंग देणारा एक माणूस होता. त्याच्या नखांच्या कडांना पिस्ता रंग होता. बसता बसता त्यानं आपणहून सांगितलं होतं की ही त्याची तिसरी खेप, रंग विचारा, शंभर सांगेन, ही चिन्हं मात्र डोक्यात राहत नाहीत. ती हसली होती. दोरीनं चष्मा गळ्यात अडकवलेली कारकून बाई खुर्च्यांच्या मागून फेऱ्या घालत होती, आणि तिच्या चपलांचा आवाज जवळ येऊन लांब गेला की तिला उगाच सुटल्यासारखं वाटत होतं. मग सगळ्या पडद्यांवर एकदमच पहिलं चिन्ह आलं.

रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. पूर्वी हे काम दोघींचं असे. एकीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी पाहायच्या आणि दिसेल ती मोठ्यानं सांगायची, दुसरीनं समोर बसून रेघा ओढायच्या. शंभर पेशी झाल्या की थांबायचं. रेघा ओढणाऱ्या बाई वयानं मोठ्या होत्या, आणि नवीन असताना त्यांनी तिला एकच गोष्ट बजावली होती: दिसलं की बोलायचं, विचार करून बोलायचं नाही, विचार केलास की तुला जे हवं ते दिसायला लागेल. पुढे यंत्रं आली, त्या बाई निवृत्त झाल्या, समोरचं स्टूल रिकामं झालं, पण तिचे ओठ हलायचे थांबले नाहीत. गाडीतही तेच. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांनी जुनी गाडी घेतली तेव्हापासून ती डावीकडे बसून बोलत आली होती. गतिरोधक. शाळा. रिक्षा वळतेय. नवरा चारचौघांत म्हणायचा, माझ्या गाडीला रेडिओची गरज नाही, एकच स्टेशन लागतं पण दिवसभर लागतं. सगळे हसत, तीही हसे. तिच्या या बोलण्याची त्याला कधी गरज पडली असेल असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. आणि गरज नेमकी कधीपासून पडू लागली हे आता कळायला मार्ग नव्हता. कारण ती बोलायची कधी थांबलीच नव्हती.

आरशाच्या दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर मीठदाणी हलवली. एरवी मीठदाणी मधोमध असे, पाण्याच्या तांब्याला टेकून. तिनं ती त्याच्या ताटाच्या डावीकडे चार बोटं सरकवली. त्यानं मीठ घेतलं. तिसऱ्या दिवशी आठ बोटं. त्यानं हात मधोमध नेला, हवेत थांबवला, मग बिनमिठाचं खाल्लं. तिनं भांडी घासून झाल्यावर जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर तारीख, अंतर आणि पुढे एक फुली लिहिली. असं अकरा वेळा. कधी मीठदाणी, कधी चहाचा कप, एकदा त्याचं घड्याळ. अकरांपैकी सात फुल्या. एकदा त्यानं मान पूर्ण वळवली आणि मीठदाणीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. तिला वाटलं, आता हा विचारणार. त्यानं विचारलं नाही. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आला. चौतीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपलो त्याच्यावर आपण उंदरावर करावा तसा प्रयोग करतोय, ही गोष्ट तिला त्या वेळी लागली नाही. ती लागली नंतर, बसस्टॉपवर उभी असताना, आणि तिनं पर्स उघडून उगाच आत हात घातला.

सांगायला काय हरकत होती? ती स्वतःशी म्हणे, अकरा नोंदी फार थोड्या आहेत. काचबिंदू असेल, डोक्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी असेल, किंवा काहीच नसेल. पण गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वाचवायची तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो हे तिला, इतकी वर्षं दवाखान्याच्या तळमजल्यावर काढलेल्या बाईला, चांगलं ठाऊक होतं; तरी तिनं एकवीस दिवस घालवले होते. नवरा पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होता. अर्धा मिलिमीटर चुकलेली रेघ तो लांबूनच ओळखी. लोकांनी आपल्याला नावाऐवजी 'ओळंबा' म्हणावं याचा त्याला अभिमान होता. भिंतीवरची तसबीर तो मोजून कधी लावत नसे. नजरेनं लावी, आणि मग तुम्ही पट्टी घेऊन या, असं आव्हान देई. अशा माणसाला काय सांगायचं? आणि त्यातून सोमवार येत होता. सोमवारपासून मुलीची नवी नोकरी सुरू होत होती आणि नातीला, जिला नाकामुळे सगळे बटण म्हणत, सकाळी साडेसातला गाडीतून शाळेत सोडायचं काम आजोबांवर आलं होतं. बाबा आहेत म्हणून मला काळजी नाही, असं मुलगी फोनवर म्हणाली होती. बटण नेहमी मागच्या सीटवर डावीकडे बसे, खिडकीला नाक लावून.

तेव्हा तिला पुस्तिकेतला तो नियम सापडला. शिकाऊ माणसानं गाडी चालवताना शेजारच्या सीटवर परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी. तिनं तो तीनदा वाचला. म्हणजे काही सांगावं लागणार नव्हतं. ती शिकणार म्हणून तो आपोआप डावीकडे जाऊन बसेल. त्याचं मानाचं स्थान राहील, उलट वाढेल, तो शिकवणारा होईल. तिनं जाहीर केलं की निवृत्तीआधी मला गाडी शिकायची आहे. तो म्हणाला, या वयात कशाला तुला हे? पण टोमणा मारल्यासारखं नाही. हल्ली तो तिच्याशी जरा हळू बोले, आजाऱ्याशी बोलावं तसं. किल्ली कुठे ठेवलीस आठवतंय ना, असं विचारी. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं वारांच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. या हळुवारपणाची तिला भीती वाटे. वाटे, याला आपली नजर गेलेली कळली आहे आणि हा निरोप घेतल्यासारखा वागतोय. तीस वर्षांपूर्वी त्यानं तिला दोन संध्याकाळी गाडी शिकवली होती. दुसऱ्या दिवशी तिनं एका पिंपावर गाडी घातली, तो पोट धरून हसला, ती उतरली आणि पुन्हा कधी त्या बाजूला बसली नाही. त्या हसण्याची तिला आता आठवण येत होती, आणि ते हवंसं वाटत होतं.

आठव्या की नवव्या प्रश्नाला चपलांचा आवाज तिच्या मागे येऊन थांबला तो लांब गेलाच नाही. खांद्यावर दोन बोटं टेकली. "उठा," कारकून बाई म्हणाली. पडद्यावर अरुंद पुलाचं चिन्ह होतं आणि घड्याळ उलटं पळत होतं. तेवढ्यात तिला ऐकू आलं की आपला आवाज अजून खोलीत आहे. पुढे अरुंद पूल, रस्ता द्या, डावीकडे वळण, पुढे शाळा. ती सगळं मोठ्यानं म्हणत होती. शेजारचा रंगवाला मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या पडद्यावर हिरव्या खुणांची सरळ रांग लागली होती.

साहेबांची खोली लहान होती. साहेब म्हणजे एक सुकलेला, सभ्य माणूस, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवलेला. कारकून बाईनं सांगितलं ते सगळं त्यानं मान हलवत ऐकून घेतलं. रंगवाल्याला मागच्या दोन खेपांना चार आणि पाच पडले होते, आज आतापर्यंत एकही चूक नाही. त्याला पुन्हा बसवायचं, आणि उत्तरं सांगणाऱ्याचा अर्ज रद्द, महिनाभर नवा घेता येत नाही, नियम असा आहे. महिनाभर. ती सोमवारपासून पुढचे दिवस मोजू लागली आणि तिनं मोजणं मध्येच सोडलं. तिनं प्रयोगशाळेचं सांगितलं. पेशी, रेघा ओढणाऱ्या बाई, दिसलं की बोलायचं. साहेबाला ते आवडल्यासारखं दिसलं. पण कारकून बाई म्हणाली, "तुमच्या रक्तात अरुंद पूल आणि शाळा असतात का हो? त्या तर तुम्ही अगदी पाठ म्हटल्यासारख्या म्हणत होतात. कुणाला तरी सांगताय तशा."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. खाली कार्यालयाच्या मागचं मैदान होतं आणि त्यात त्यांची गाडी. नवरा गाडीच्या मागे उभा राहून मागची काच पुसत होता. त्यानं फडकं झटकलं, पुन्हा पुसलं, मनापासून, जसा तो सगळंच करी. मग दोन पावलं मागे सरून त्यानं काचेकडे बघितलं आणि त्याचं समाधान झालं. त्यानं फडक्याची चौकोनी घडी घातली. काच उन्हात चमकत होती. फक्त डाव्या कडेला हातभर रुंदीची पट्टी तशीच राहिली होती, धुळीची, करडी. वरून ती इतकी स्पष्ट दिसत होती की तिला वाटलं, या खोलीतल्या सगळ्यांना ती दिसत असणार. बारावी नोंद. ही तिनं मांडलेली नव्हती.

"माझ्या नवऱ्याला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं याआधी मनातही पूर्ण म्हटलं नव्हतं. ते किती लहान होतं. साहेबानं एक पेन्सिल उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली. नवऱ्याला हे माहीत आहे का, असं त्यानं विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. तो अजून गाडी चालवतो का, यावर तिनं खिडकीकडे बघितलं, आणि साहेबही उठून खिडकीशी गेला. खाली गाडीकडे बघत त्यानं विचारलं,

"घरी सांगितलं नाहीत, मग मला का सांगताय?"

"तुम्ही विचारलंत," ती म्हणाली. मग तिला वाटलं हे उद्धट झालं, म्हणून ती म्हणाली, "घरी कुणी विचारत नाही."

साहेबाचं पुढचं बोलणं तिला तुकड्या तुकड्यांनी ऐकू आलं. हे ऐकल्यावर मला गप्प बसता येत नाही, त्यांना डोळे तपासून दाखला आणायला पत्र जाईल, तोवर त्यांनी गाडीला हात लावायचा नाही, पत्र पोचायला आठवडा लागतो, ते पोचायच्या आत तुम्ही बोलाल तर बरं. आणि तुमचा अर्ज रद्द करायचं मला काही कारण दिसत नाही, एकटीला बसवा, आत्ताच, तोंड बंद ठेवून. "ते यांना जमायचं नाही," कारकून बाई म्हणाली, पण मघाच्या आवाजात नाही. ती बाहेर गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. "एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही. मी माझ्या पोराला अभ्यासाला अशीच बसवायची. माझंही डोकं शांत राहायचं."

तिनं पंधरा प्रश्न तोंडात पाणी धरून सोडवले. रिकाम्या खोलीत, बारा पडद्यांपैकी एका पडद्यासमोर. पाणी आधी गार होतं, मग कोमट झालं, मग त्याला चवच राहिली नाही, आणि प्रत्येक चिन्ह आलं की जीभ त्या पाण्याला धडकून मागे फिरे. नाकानं श्वास घेताना तिला वाटलं, तीन आठवडे मी अशीच राहिले आहे. तेरावा प्रश्न तिच्या नियमाचाच होता: शिकाऊ चालकाच्या शेजारी कोण असावं? ती त्या प्रश्नाकडे तीसच्या तीस सेकंद बघत राहिली आणि तो चुकला. बाकीच्यांपैकी आणखी एक. तेरा बरोबर. कारकून बाईनं कागदावर शिक्का मारला, चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता गिळा."

शिक्क्याचा कागद घडी न घालता धरून ती जिना उतरली. मैदानात ती त्याच्याकडे डावीकडून चालत गेली. हे तिनं ठरवून केलं की पाय आपोआप तिकडे वळले, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. दहा पावलं, पाच, दोन. तो समोर बघत उभा होता. ती "अहो" म्हणाली तेव्हा तो दचकला, आणि मग तिच्या हातातला कागद पाहून हसला. त्यानं डिकी उघडली. आत जाड पुठ्ठ्याचा पांढरा चौकोन होता आणि त्यावर लाल चिकटपट्टीनं काढलेलं शिकाऊ माणसाचं एल हे अक्षर, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले. कधी बनवलं होतं कुणास ठाऊक. ते पाहून तिला आपलं बोलणं गिळावंसं वाटलं. पण पाणी आता तोंडात नव्हतं.

तिनं सांगितलं. आरशापासून सुरुवात केली, डायरीचं सांगितलं, अंतरं सांगितली, अकरांपैकी सात. त्यानं मध्ये तोडलं नाही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की त्याच्या चेहऱ्यावर राग नाही. दुःख आहे, पण ते तिच्याबद्दलचं आहे.

"तू मीठदाणी मुद्दाम हलवत होतीस?"

"हो."

"आणि माझं घड्याळ?"

"तेही."

तो गाडीला टेकला. "मला वाटलं, तुला आठवेनासं झालंय," तो म्हणाला. "मीठ रोज नव्या जागी. कप भलतीकडे. मग तू शिकायचं काढलंस. मी म्हटलं, हिला अडवलं तर हिला कळेल की मला कळलंय. तीन आठवडे मी गॅस बघतोय तुझ्यामागे, अगं." मग तो थोडं हसला, पण ते पिंपाच्या वेळचं हसणं नव्हतं. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मीठ जागेवर नव्हतं म्हणून दिसलं नाही. तुझा प्रयोगच चुकला."

यावर उत्तर होतं. तिला ते तिथून, त्याच्या खांद्यावरून, काचेवर दिसत होतं. वरून पत्र येणार आहे हेही सांगायचं होतं.

तो पुठ्ठा घेऊन काचेकडे वळला. मधोमध लागला पाहिजे, असं पुटपुटत त्यानं पुठ्ठा नजरेनं धरला, जरा सरकवला, पुन्हा सरकवला आणि तो थबकला. मग, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, तिनं त्याला मोजताना पाहिलं. त्यानं उजव्या कडेपासून वीत टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, आणि वर चार बोटं. तिथे अंगठा रोवला. मग डाव्या कडेला हात नेला आणि तिकडून वीत टाकली. एक. हात उचलला तेव्हा काचेवर पाच बोटांचा स्वच्छ ठसा उमटला होता आणि तळहात करडा झाला होता. त्यानं तळहाताकडे बघितलं. मान वळवून, पूर्ण वळवून, काचेच्या त्या भागाकडे बघितलं. "हे मी आत्ता पुसलं," तो म्हणाला. खिशातून फडक्याची घडी काढली, ती उलगडली, आणि तसाच उभा राहिला.

पत्राचं गाडीत सांगता येईल. आत्ता त्याला दिसत होतं.

थोड्या वेळानं त्यानं राहिलेली पट्टी पुसली, हळूहळू, एका हातानं काचेची कड चाचपत. पुठ्ठा चिकटवला. मग किल्ली तिच्या हातात दिली, आणि गाडीला हात लावत लावत, पुढून वळसा घालून, डावीकडच्या दाराशी गेला. ती स्टिअरिंगमागे बसली. सीट तिच्यासाठी फार मागे होती, ती पुढे ओढताना मोठा आवाज झाला. तीस वर्षांपूर्वीचा क्लच आणि हा, सारखाच जड होता. मैदानाच्या टोकाला भिंतीशी एक पिंप होतं, ते दोघांनीही बघितलं. त्यानं पट्टा लावला, घसा खाकरला, हात मांडीवर ठेवले.

"उजवीकडे मोकळं आहे," तो म्हणाला.

ती थांबली. त्यानं पुढे काही म्हटलं नाही. मग तिनं मान वळवली आणि त्याच्या चेहऱ्यावरून पलीकडे, डावीकडे, स्वतः बघितलं.